अर्धा बुश: लष्करी हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

नाशिकरोडला राहणाऱ्यांना हेलिकॉप्टरचं अप्रूप नसतं. गांधीनगरला लष्कराची हवाई प्रशिक्षण शाळा आहे, त्यामुळे चेतक आणि चीता दूधवाल्याच्या नेमाने डोक्यावरून जातात. मीही लहानपणापासून ते पाहत आले. पण तसल्या यंत्रात बसणारा एखादा भाग आपल्याच गावच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमध्ये बनत असेल, हे डिप्लोमा करून सातपूरला नोकरीला लागेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं.

आमचं काम देशी पर्यायी भागांचं. रबरी सील, गॅस्केट, बुश (पिनभोवती बसणारी छोटी नळी), वॉशर, क्लॅम्प असली किरकोळ दिसणारी मंडळी. मी क्वालिटीत आहे. दरवर्षी दोन-तीन नवी मुलं-मुली येतात आणि पहिल्या आठवड्यात तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

पहिला प्रश्न ठरलेला: मूळ कंपनीकडूनच का नाही घेत? जिथे मिळतं तिथे घेतातच. पण चेतक म्हणजे फ्रान्सचं अलुएत-३. परवान्याचा करार १९६२ चा. फ्रान्समध्ये त्याचं उत्पादन थांबून दशकं लोटली, आपल्याकडे ते अजून उडतंय. एमआय-१७ ची गोष्ट आणखी अवघड. हेलिकॉप्टर रशियात बनणार आणि त्याची इंजिनं पिढ्यान् पिढ्या युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाच्या मोतोर सिच कारखान्यातून येणार, अशी सोव्हिएत काळातली वाटणी. १९९१ ला त्या एका देशाचे पंधरा झाले, आणि फेब्रुवारी २०२२ पासून त्यातले हे दोन उघड युद्धात आहेत. नौदलाच्या सी किंगचं तर १९९८ ला पोखरणनंतर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. हेलिकॉप्टर ब्रिटिश कंपनीने बनवलेलं, पण मूळ परवाना आणि आतले कित्येक भाग अमेरिकी. अमेरिकेने निर्बंध लावले आणि इंग्लंडकडूनही स्पेअर येईनात. धडधाकट यंत्रं हँगरमध्ये उभी राहिली.

यंत्र उभं राहायला इंजिनच लागतं असं नाही. अंगठ्याच्या नखाएवढी ओ-रिंग, म्हणजे गळती थांबवणारी रबरी कडी, संपली तरी तेवढंच उभं राहतं.

आता रबराबद्दल जरा सविस्तर, कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच फसतो. नायट्रिल, ईपीडीएम आणि व्हिटॉन, तिन्ही काळ्या रंगात मिळतात. हातात घेतल्यावर तिन्ही सारखीच. एमआय-१७ च्या हायड्रॉलिकमध्ये एएमजी-१० नावाचं लालसर खनिज तेल असतं. त्यात नायट्रिल वर्षानुवर्षं टिकतं. ईपीडीएम त्याच तेलात पावसात भिजलेल्या वाटाण्यासारखं फुगतं. मोटारीच्या ब्रेक ऑइलला तेच ईपीडीएम उत्तम चालतं, म्हणून कोणी तरी 'चांगल्या क्वालिटीचं रबर' म्हणून ते पुढे करतं. चांगलं रबर असं काही नसतं. कुठल्या तेलात, किती तापमानाला, हलत्या जागी की स्थिर जागी, हे विचारल्याशिवाय मटेरियलचं नाव तोंडातून काढू नका. आमच्याकडे नमुना त्याच तेलात, ठरलेल्या तापमानाला, बहुतेक वेळा ७० तास बुडवून ठेवतात. मग आकारमान किती वाढलं, शोअर हार्डनेस, म्हणजे रबराचा कडकपणा, किती उतरला, ते मोजायचं.

आणि मोजायचं म्हणजे कसं? माझी पहिली फजिती. नवी कोरी रिंग, मी व्हर्निअर लावला, आकडा लिहिला. पाच रिंगांचे पाच आकडे, पाचही कमी. 'लॉट रिजेक्ट' असं लाल पेनाने लिहून मोकळी झाले. टूलरूमचे मामा शांतपणे आले, व्हर्निअरचे जबडे रिंगेवर टेकवले आणि म्हणाले, "पोरी, दाबलंस की लिंबूपण बारीक होतं." रबर जबड्यात दबतं हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून रिंग प्रोफाइल प्रोजेक्टरवर, सावली पाडून मोजते. न स्पर्श करता.

धातूच्या भागांत गंमत वेगळी. एमआय-१७ च्या जुन्या कागदांवर रशियन पोलादाची नावं असतात. त्यातलं ३०-ख-ग-स-अ हे नेहमीचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो मंत्र वाटला. पण सरळ आहे: ३० म्हणजे साधारण ०.३० टक्के कार्बन, ख म्हणजे क्रोमियम, ग म्हणजे मँगनीज, स म्हणजे सिलिकॉन, आणि शेवटचा अ म्हणजे गंधक-फॉस्फरस कमी असलेला उंची दर्जा. हाच अ नावाच्या मध्ये आला तर त्याचा अर्थ नायट्रोजन. रशियन येत नसली तरी ही बाराखडी आठवड्यात पाठ होते आणि मुलाखतीत भाव खाऊन जाते.

अशा ताकदवान पोलादावर कॅडमियम प्लेटिंग, म्हणजे कॅडमियमचा मुलामा, केलं की हायड्रोजन आत शिरतो आणि भाग ठिसूळ होतो. बाहेरून चकाचक, आतून काच. म्हणून हायड्रोजन बाहेर काढायला प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत तो भाग ओव्हनमध्ये गेला पाहिजे. तापमान साधारण १९० अंश, आणि जास्त ताकदीच्या पोलादाला २३ तासही ठेवायला सांगतात. प्लेटिंगवाला 'बेकिंग केलंय' म्हणाला तर ओव्हनचा तापमानाचा आलेख मागा. प्लेटिंगमधून किती वाजता बाहेर काढलं, ओव्हनमध्ये किती वाजता घातलं, दोन्ही वेळा बघा. या बाबतीत मी संशयी म्हणून प्रसिद्ध आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

एवढं काटेकोर कशाला, असं वाटत असेल तर एक हिशेब करून बघा. एमआय-१७ चा मुख्य पंखा मिनिटाला साधारण १९२ फेरे घेतो आणि त्याला पाती पाच. म्हणजे एका उड्डाणतासात पात्यांचे सत्तावन्न हजारांवर झटके सगळ्या सांगाड्याला बसतात. गिरणीतल्या बुशला एवढं सोसावं लागत नाही.

आता नमुन्यावरून भाग बनवण्याबद्दल. बहुतेक वेळा ड्रॉइंग नसतंच, नमुना मिळतो. तोही कधी कधी काढलेला, वापरलेला. वापरलेला बुश मोजलात तर तुम्ही झीज मोजता, आणि मग इमानदारीने झिजलेला बुश नवा बनवता. एका नमुन्यावरून माप कळतं, टॉलरन्स, म्हणजे मापात किती कमी-जास्त चालतं ते, कळत नाही. न वापरलेले नमुने मागा, जमतील तेवढे. शिवाय तो ज्या पिनवर, ज्या हाउसिंगमध्ये बसतो त्यांचीही मापं मागा. शेजारी कळला की भाग कळतो.

मग येते मान्यता. लष्करी विमानांच्या उड्डाणयोग्यतेचा कारभार बंगळुरूच्या सेमिलॅककडे, म्हणजे डीआरडीओच्या संस्थेकडे. तिची विभागीय केंद्रं आहेत, त्यातलं एक आपल्या नाशिकला. गुणवत्ता तपासणारी यंत्रणा वेगळी, डीजीएक्यूए. नियमपुस्तक पूर्वी डीडीपीएमएएस-२००२ होतं, २०२१ पासून आयएमटीएआर-२१ आहे. जाडजूड आहे, पण तुमच्या भागाला लागू असलेली प्रकरणं वाचाच. ती वाचलेला नवखा मीटिंगमध्ये लगेच ओळखू येतो. ढोबळ क्रम असा: कुठल्या चाचण्या, कुठल्या मर्यादेत, किती नमुन्यांवर हे आधी लिहून मंजूर करून घ्यायचं. मग नमुने बनवायचे, तपासनिसांच्या डोळ्यांदेखत चाचण्या करायच्या. मग प्रत्यक्ष यंत्रावर बसवून बघणं, आणि त्यानंतर क्लिअरन्स. सगळ्यात जास्त वेळ पहिल्या पायरीला लागतो. आमचे साहेब म्हणतात, चाचणी करून मग मर्यादा लिहिणारा आणि बाण मारून मग भोवती वर्तुळ काढणारा, दोघे एकाच गावचे.

मागणी कुठे आहे ते बघायला ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेलं संरक्षण मंत्रालयाचं सृजन पोर्टल आहे. त्यावर आयात होणारे भाग दिसतात. नव्या कारखानदाराने लगेच गिअरबॉक्स किंवा रोटर हेडच्या भागांवर उडी मारू नये. ते उड्डाणसुरक्षेचे भाग, तिथे मान्यतेचा डोंगर वेगळा. सील, गॅस्केट, क्लॅम्प यांवर हात बसू द्या.

परदेशी जाणाऱ्यांसाठीही थोडं. अमेरिकेत अशा पर्यायी भागांची वाट बरीच रुळलेली आहे. तिथलं नागरी विमान खातं, एफएए, मूळ उत्पादक नसलेल्या कंपनीलाही भाग बनवायला मान्यता देतं. तिला पीएमए म्हणतात. एक तर भाग मूळ भागाशी तंतोतंत जुळतो हे दाखवा, नाही तर चाचणी आणि गणिताने सिद्ध करा. भागावर तशी खूणही उमटवावी लागते. पण पीएमए मिळाली म्हणून तो भाग ब्लॅक हॉकमध्ये, म्हणजे तिथल्या लष्करी हेलिकॉप्टरमध्ये, गेला असं होत नाही. लष्कर स्वतः पुरवठादार पारखतं, त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी फाइल. आपल्या मुलांची अडचण मात्र दुसरीच: तिथल्या शस्त्रनिर्यात नियमांमुळे लष्करी ड्रॉइंग परदेशी नागरिकाला खास परवान्याशिवाय दाखवता येत नाही. ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत बहुतेक जण नागरी विमानांच्या भागांवरच काम करतात. चाचण्यांची भाषा तीच असल्याने ते वाया जात नाही.

शेवटी माझी मोठी चूक सांगते. ॲल्युमिनियम-ब्राँझचे दोनशे बुश होते. बारच्या एका टोकाला रंग आणि हीट नंबरचा, म्हणजे धातू कुठल्या ओतणीतला ते सांगणारा, शिक्का असतो. बार कापताना ऑपरेटरने विचारलं, कुठल्या बाजूने? मी घाईत म्हटलं, कुठल्याही. त्याने शिक्क्याचं टोक आधी कापलं. उरलेला बिनशिक्क्याचा तुकडा रॅकवर गेला, तिथे दुसऱ्या हीटचा तसाच तुकडा होता. दुसऱ्या दिवशी दोन्ही मशीनवर गेले. बुश झाले सुरेख. मापं मायक्रॉनमध्ये. फक्त कुठला बुश कुठल्या हीटचा हे सांगता येईना. मी लॅबमधून तपासून आणते म्हटलं. रसायन दोन्ही हीटचं मर्यादेतच असणार होतं, पण टेस्ट सर्टिफिकेट एका हीटचं आणि त्याखाली जाणारे बुश दोन हीटचे, हे कुठल्या कागदावर लिहिणार?

सगळा लॉट गेला. नुसता भंगारात टाकूनही चालत नाही. कोणी उचलून पुन्हा विकू नये म्हणून प्रत्येक नग मोडावा लागतो. मामा आणि मी दोन दिवस हॅकसॉवर बसलो होतो. एक बुश आठवण म्हणून ठेवते म्हटलं, तर म्हणाले, "ठेव की. पण आधी काप."

तो अर्धा बुश माझ्या टेबलावर असतो. नवीन आलेली मुलं तो हातात घेऊन फिरवतात आणि विचारतात, दुसरा अर्धा कुठंय? मग मी त्यांना बार स्टोअरमध्ये नेते आणि रंगाचं टोक दाखवते.