कागदी मिनी कापायला घेण्यापूर्वी

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या खेळाची तारीख ठरली की आधी हातात घ्यायची ती गेम मास्टरची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, वही. कात्री आणि प्रिंटर त्यानंतर. घरी कागदी मिनी, म्हणजे नकाशावर पात्रांच्या आणि शत्रूंच्या जागी उभ्या करायच्या छोट्या आकृत्या, बनवायला बसलेला माणूस हमखास ड्रॅगनपासून सुरुवात करतो, त्याच्या पंखांवर रात्री घालवतो, आणि प्रत्यक्ष टेबलावर पहिल्याच खोलीत सहा गॉब्लिन समोर आले की त्यांच्या जागी फासे मांडावे लागतात. म्हणून यादी येत्या एका बैठकीपुरतीच करा. खेळाडूंची पात्रं किती, त्यांच्याबरोबर घोडा, लांडगा, नोकर असा लवाजमा आहे का, आणि ठरलेल्या चकमकींत एका वेळी जास्तीत जास्त किती शत्रू उभे राहतात? हा शेवटचा आकडा नीट काढा. पहिल्या चकमकीत चार सांगाडे आणि दुसरीत सहा असतील, तर सांगाडे दहा नाही, सहाच लागतात. मेलेले पुन्हा उभे करता येतात.

खेळाडूंच्या पात्रांना मात्र वेगळा न्याय. ती महिनोन्‌महिने टेबलावर राहणार, तेव्हा प्रत्येकाला विचारून घ्या: हातात काय आहे, ढाल कोणत्या बाजूला, दाढी आहे की नाही. तलवारवाल्याला धनुष्य दिलंत तर ते शेवटच्या दिवसापर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

मग माप. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये आणि त्याच वळणाच्या बऱ्याच खेळांत नकाशावरचं एक घर एक इंचाचं असतं आणि ते पाच फूट जागा दाखवतं. एवढ्यावरून सगळ्या उंच्या काढता येतात. सहा फुटी माणूस १.२ इंच, म्हणजे ३० मिलिमीटर. दहा फुटी ओगर (आडदांड दैत्य) दोन इंच. अठरा फुटी राक्षस ९१ मिलिमीटर. जमिनीवरची जागा मात्र उंचीवर नाही, नियमातल्या आकारगटावर ठरते: माणूस आणि गॉब्लिन एका घरात, ओगर आणि घोडा दोन बाय दोन घरांत, मोठे राक्षस तीन बाय तीन, आणि हजार वर्षं मुरलेला ड्रॅगन चार बाय चार. तीन फुटी हाफलिंग या हिशोबाने १५ मिलिमीटरचा भरतो आणि टेबलाच्या पलीकडून दिसतच नाही. तिथे खुशाल लबाडी करा, त्याला २० मिलिमीटरचा करा. उलट टोकाला, चार बाय चार घरं व्यापणारा ड्रॅगन उभा केला तर त्याच्यामागे अर्धा नकाशा झाकला जातो. माझ्या मते एवढे मोठे प्राणी वरून पाहिल्यासारखे, सपाट चकतीवर छापावेत. रुबाब थोडा कमी होतो, पण खेळ अडत नाही.

चित्रं गोळा करताना दोन गोष्टी पाहा. पहिली परवानगी. कित्येक चित्रकार छापण्यासाठी तयार पानं देतात, काही विकत, काही मोफत. पण ‘घरच्या वापरापुरतं’ असं लिहिलेलं असेल तर ती फाइल पुढे वाटायची नसते. जुनी, हक्क संपलेली कोरीव चित्रं किंवा स्वतः काढलेली असतील तर प्रश्नच नाही. दुसरी गोष्ट ठळकपणा. ३० मिलिमीटरच्या माणसाचं चित्र ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, जेमतेम साडेतीनशे पिक्सेल उंच असतं. त्यात डोळ्यातली चमक आणि चिलखताच्या कड्या कुठल्या दिसायला! हातभर अंतरावरून ओळखू येतो तो बाह्याकार आणि रंगांचा फरक. गडद झगा घातलेला जादूगार पडद्यावर छान दिसतो आणि कागदावर काळा ठिपका होतो, तेव्हा छापण्याआधी चित्र थोडं उजळ करून घ्या.

आता पाठीची बाजू, आणि इथे बरेच जण फसतात. सगळ्यात सोपी मिनी म्हणजे एक उभी पट्टी: खाली पुढची बाजू, वर पाठीची, डोक्यावर आडवी घडी. पाठीसाठी तेच चित्र वापरायचं तर ते १८० अंशांत फिरवायचं नाही, उभं उलटवायचं, म्हणजे पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखं. फिरवलं तर पुढून उजवीकडे असलेली तलवार घडी घातल्यावर मागच्या बाजूला भलतीकडेच येते, आणि कापताना एकीकडची तरी तलवार जातेच. समोर-मागे सारखीच आकृती असलेल्या ढिगाऱ्याला किंवा मशरूमला फरक पडत नाही. हात पसरलेल्या योद्ध्याला पडतो. खरीखुरी पाठ, म्हणजे झगा, भाते, शेंड्या काढायचा उत्साह असेल तर उत्तमच, पण बाह्याकार त्याच प्रतिबिंबाचा हवा. वेळ नसेल तर मागे नुसती काळी सावली ठेवा. तिचा एक फायदाही आहे: मिनीचं तोंड कुठे आहे ते लांबूनही कळतं.

छापील पुठ्ठ्याच्या वीरांची ही पद्धत जुनीच आहे. स्टीव्ह जॅक्सन गेम्सने ‘कार्डबोर्ड हीरोज’ १९८० मध्येच बाजारात आणले होते. त्यामुळे धातूच्या मिनी परवडत नाहीत म्हणून हा दुय्यम प्रकार, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

कागद. रोजचा ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद दुमडून चिकटवला तरी लवचीक राहतो आणि दमट हवेत मान टाकतो. १६० ते २२० जीएसएमची कार्डशीट घ्या, पण त्याआधी आपला प्रिंटर किती जाडी घेतो ते त्याच्या पुस्तिकेत बघा. मागून कागद घालायची सोय असेल तर तीच वापरा, कारण तिथून जाड कागदाला कमी वळावं लागतं. जाड कागद चालतच नसेल तर साध्या कागदावर छापून मध्ये पातळ पुठ्ठ्याचा तुकडा घाला.

कागदाला धागा असतो, म्हणजे त्याचे तंतू एका दिशेने झुकलेले असतात. कोऱ्या शीटला आधी लांबीत आणि मग रुंदीत, न मोडता, हलकासा बाक द्या. ज्या बाजूने ती सहज वळते, तिथे बाकाची रेघ धाग्याला समांतर असते. घडी धाग्याच्या दिशेने घातली तर कुरकुर न करता स्वच्छ बसते, म्हणून डोक्यावरच्या आडव्या घडीसाठी धागा आडवा हवा असं वाटेल. मी मात्र धागा उभाच ठेवतो. घडी आधी रेघ दाबून सांभाळता येते. पण धागा आडवा असला आणि कागद हवेने वळला, तर मिनी पुढे वाकून नमस्कार करते. उभ्या धाग्याची वळली तर फक्त ढालीसारखा बाक येतो आणि ती ताठ उभी राहते.

छापण्याच्या खिडकीत ‘पानात बसवा’ असला कुठलाही पर्याय बंद करा आणि प्रमाण १०० टक्के ठेवा. ए-४ पान २१० बाय २९७ मिलिमीटर असतं आणि अमेरिकेतलं लेटर पान २१६ बाय २७९. एकासाठी मांडलेली फाइल दुसऱ्यावर ‘बसवली’ की सगळं मुकाट्याने आकसतं. ए-४ साठीचं पान लेटरवर बसवताना प्रमाण ९४ टक्क्यांवर येतं. एका मिनीत हे लक्षात येत नाही, पण नकाशाही तसाच छापला तर दहा घरांमागे पंधरा मिलिमीटर, म्हणजे अर्ध्याहून जास्त घर गायब होतं. पानाच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवा आणि पहिलं पान साध्या कागदावर छापून ती पट्टीने मोजा. माणसाएवढ्या मिनींच्या पट्ट्या ३० मिलिमीटर रुंदीच्या धरल्या तर ए-४ वर सहा स्तंभ, दोन ओळी, अशा बारा आरामात मावतात. पट्टीच्या दोन्ही टोकांना दहा मिलिमीटर कोरी जागा सोडायला विसरू नका. पाय तिथूनच निघणार आहेत.

इंकजेटवर छापलं असेल तर पान काही तास तसंच पडू द्या. शाई वरवर कोरडी वाटते आणि बोट फिरलं की पसरते. लेझरच्या छपाईला पाण्याची भीती कमी, पण घडीवर टोनरला, म्हणजे तिच्या कोरड्या शाईला, तडे जातात आणि पांढरी रेघ दिसते. ती नंतर मार्करने भरायची.

इथून पुढे क्रम पाळा: रेघ दाबणे, घडी, चिकटवणे, वाळवणे, आणि मग कापणे. आधी आकृती कापून मग दोन बाजू जुळवायचा मोह होतो, पण तशा त्या कधीच जुळत नाहीत. एक कान पुढे, एक मागे. पानाच्या फक्त सरळ पट्ट्या सुट्या करा. रिफिल संपलेलं बॉलपेन घ्या, स्टीलची पट्टी घडीच्या रेघेवर ठेवा आणि दोनदा दाबून ओढा. कागद फाटता कामा नये, फक्त खाच पडायला हवी. मग कोऱ्या बाजू आत घेऊन घडी घाला, खिडकीसमोर धरा आणि दोन आकृत्या एकमेकींवर बसतात का ते उजेडातून बघा. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे असेल तर आत्ताच सरकवा.

पांढरा गोंद घट्ट चिकटतो, पण त्यात पाणी असतं आणि भरपूर लावला की कार्ड पापडासारखं वळतं. लावायचाच तर जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडून अगदी पातळ थर ठेवा. ग्लू स्टिक सोपी, फक्त कडांपर्यंत नीट पोचवा, नाहीतर कापल्यावर मिनी तोंड उघडते. तळाची दहा मिलिमीटरची टोकं कोरडी सोडा. चिकटवलेल्या पट्ट्या बटर पेपरमध्ये ठेवून त्यांवर जाडजूड पुस्तकं रचा आणि रात्रभर विसरून जा. वाळलेली पट्टी साधारण अर्धा मिलिमीटर जाड होते आणि टिचकी मारली की टक्‌ वाजते.

कापण्यासाठी कटिंग मॅट, स्टीलची पट्टी आणि कटरचं नवं पातं. बोथट पातं कागद कापत नाही, ओढून फाडतं. सरळ कडांना पट्टी लावा, एका दमात जोर लावू नका, हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा, आणि पट्टी धरलेल्या हाताची बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत ना ते बघा. वळणांना छोटी कात्री बरी. हात स्थिर ठेवून कागद फिरवायचा. आकृतीभोवती दीड-दोन मिलिमीटरची काळी किनार ठेवा. काठी, भाला, शेपूट यांना तर ती हवीच, कारण तंतोतंत कापलेली काठी पहिल्याच संध्याकाळी मोडते. पायांमधली आणि काखेतली पोकळी कोरत बसू नका, तिथे काळा रंग असला की डोळा ती जागा सोडून देतो.

कापून झालं की कडा पांढऱ्या दिसतात. मार्करचं टोक आडवं धरून कडेवरून फिरवा, चित्राला लागू देऊ नका. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. शेवटी मॅट वार्निशचा फवारा, मोकळ्या हवेत, लांबून, दोन पातळ थरांत. चकचकीत वार्निश घेतलंत तर टेबलावरच्या दिव्याखाली चेहऱ्याऐवजी दिवाच दिसतो.

बैठक जड हवी. कागदाची मिनी फुंकरीनेही पडते आणि फासे काही हळूच पडत नाहीत. एम-१२ बोल्टचा साधा वॉशर बाहेरून २४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे एका घरात नेमका मावतो. सुट्या ठेवलेल्या दोन टोकांपैकी एक पुढे आणि एक मागे वळवा, वॉशरवर चिकटवा, आणि भोक झाकायला वरून गडद कार्डाची अर्धी-अर्धी चकती लावा. घाई असेल तर १९ मिलिमीटरची बाइंडर क्लिप लावून तिचे तारेचे कान काढून टाका. दिसायला दफ्तरी, पण काम चोख. ओगरसारख्या दोन बाय दोन घरांच्या प्राण्यांना जाड पुठ्ठ्याचा दोन इंची चौकोन आणि खाली दोन वॉशर.

सारख्या दिसणाऱ्या शत्रूंना आकडे घाला, आणि ते पुढे आणि मागे दोन्हीकडे. गेम मास्टर टेबलाच्या एका बाजूला बसतो, खेळाडू दुसऱ्या; ‘जखमी झालेला गॉब्लिन कोणता’ यावरून होणारा वाद एकाच बाजूला लिहिलेल्या आकड्याने मिटत नाही. गटाचा म्होरक्या वेगळ्या रंगाच्या बैठकीवर ठेवा.

ठेवायला पत्र्याचा डबा घ्या. वॉशर साध्या पोलादाचे असतील तर डब्याच्या तळाला चुंबकी शीट चिकटवली की मिनी उभ्याच राहतात आणि प्रवासात एकमेकींच्या काठ्या मोडत नाहीत. स्टेनलेस वॉशर बऱ्याचदा चुंबकाला दाद देत नाहीत, तेव्हा घेण्याआधी लावून पाहा. त्याच डब्यात चार-पाच कोऱ्या, बैठक लावलेल्या पट्ट्या आणि एक मार्कर टाकून ठेवा. खेळाडू काही ना काही करून यादीत नसलेल्या माणसाशी भांडण काढतातच. त्याचं नाव पट्टीवर लिहिलं की तोही टेबलावर उभा राहतो.