सतरंजी-रगवाल्यांनी रेटच्या मारामारीतून बाहेर कसं पडायचं

परवा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका मित्राच्या कारखान्यात बसलो होतो, तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन आला, पानिपतवाला पीसमागं दहा रुपये कमी लावतोय, तुमचं काय ते सांगा ओ. मित्रानं दोन मिनिटं विचार केला आणि आठ रुपये सोडले. फोन ठेवल्यावर म्हणाला, आता या ऑर्डरमध्ये फक्त माग चालू राहतोय, हातात काही पडत नाही. चादरीतून रग, सतरंजी, आसनाकडं वळलेल्या सगळ्यांची हीच गत बघतोय मी, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी कुणाशी भांडायचं नाही ते ठरवा. पानिपतला जुन्या कपड्यांपासून परत काढलेलं सूत ढिगानं मिळतं, त्या रेटला आपण नवीन कॉटन सूत घेऊन कधीच पोचणार नाही. भदोही-मिर्झापूरची गाठीची कार्पेट हातानं एकेक गाठ मारून होते, ते कसब पिढ्यांचं आहे, ते आपलं नाही. तुर्कस्तानातल्या गाझियानतेपचा पॉलिप्रॉपिलीनचा मशीनमेड गालिचा शोरूममध्ये लोकरीसारखा दिसतो आणि स्वस्तही पडतो. तिघांच्याही वाटेला जाऊ नका. आपल्याकडं कॉटन आहे, जेकार्ड म्हणजे नक्षी विणणारं यंत्र आहे आणि जेकार्डवर डबल कापड, म्हणजे दोन थर एकत्र, विणणारी माणसं आहेत, वेगळेपण काढायचं ते यातूनच. बाहेरची एखादी फॅशन उचलली तर सहा महिन्यात तुमच्याच गल्लीतला दुसरा तीच विणतो.

माझ्या मते आपली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दोन्ही बाजू. आपली चादर उलटी केली की तीच नक्षी रंग अदलाबदल होऊन दिसते, लहानपणापासून बघतोय म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण टफ्टेड, म्हणजे कापडात सुईनं धागे खोचून केलेल्या, रगच्या खाली लॅटेक्स म्हणजे रबरी चिकट थर आणि कापड चिकटवलेलं असतं, त्याची खालची बाजू वापरता येत नाही आणि काही वर्षांनी ते लॅटेक्स पावडर होऊन फरशीवर सांडतं. तीच डबल कापडाची वीण जाड सुतात घेऊन रग केला तर गिऱ्हाईकाला एका पैशात दोन रग मिळतात, एक बाजू मळली की उलटा टाका, सणाला वेगळा रंग वर करा. फोटो काढताना कोपरा दुमडून दोन्ही रंग दाखवा, हे आपले लोक करतच नाहीत, सगळे नुसता वरून फोटो टाकतात. मात्र दोन थर म्हणजे पिक (आडवे धागे) जास्त, मागावरून दिवसाला पीस कमी उतरणार, ते कॉस्टिंगमध्ये धरलं नाही तर वेगळेपण करून पण तोटाच.

दुसरं, धुणं. घरातली बाई रग हातात घेतली की विचारते, मशीनमध्ये धुता येतो का? याचं उत्तर तुम्ही छातीठोकपणे हो देऊ शकलात तर अर्धं काम झालं. हिशोब सोपा आहे, ४ बाय ६ फुटाचा रग म्हणजे २४ स्क्वेअर फूट, साधारण २.२३ स्क्वेअर मीटर, १००० जीएसएम, म्हणजे स्क्वेअर मीटरला १००० ग्रॅम वजन, धरलं तर सव्वादोन किलो, घरच्या सहा-सात किलोच्या मशीनमध्ये बसतो. ८ बाय १० चा त्याच जीएसएममध्ये साडेसात किलोच्या आसपास जातो, म्हणून मोठ्या साईजवर मशीन वॉश लिहू नका.

पण लिहायच्या आधी घरी टेस्ट करा. पीसवर ५० सेंटिमीटरच्या खुणा करा, ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) दिशेनं एक आणि बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या) दिशेनं एक, तीनदा धुवा, वाळवा, परत मोजा. ४८ आलं म्हणजे ४ टक्के आटला, तेवढी लांबी-रुंदी आधीच जास्त विणायची. मग पांढरं सुती फडकं ओलं करून रगवर दहा वेळा घासा. लाल, काळा, नेव्ही इथंच उघडे पडतात. स्वस्तातला डायरेक्ट रंग पाण्यात सुटतो, रिॲक्टिव्ह रंग सुताशी रासायनिक बांधला जातो म्हणून टिकतो, पण रंगल्यावर सोपिंग, म्हणजे साबणाच्या गरम पाण्यात सुटा रंग धुऊन काढणं, नीट केलं नसेल तर तोही डाग देतो. रंगवाल्याला वॉश आणि रबिंगचा, म्हणजे धुताना आणि घासताना रंग किती टिकतो त्याचा, रिपोर्ट मागा, ग्रेड १ ते ५ असते, ५ म्हणजे उत्तम, आणि ओल्या रबिंगचा आकडा वेगळा बघा. उन्हातल्या रंगाची ग्रेड १ ते ८ असते, खिडकीजवळ टाकायच्या रगला ती महत्त्वाची. हे मी शिकलो ते एक अख्खा लॉट परत आल्यावर, मरून रंग गिऱ्हाईकाच्या पांढऱ्या फरशीला लागला होता आणि तेव्हा रंगाचे किलोमागं थोडे पैसे वाचवले होते.

तिसरी गोष्ट आपल्याकडं जुनीच आहे, नाव विणून देणं. भजनी मंडळ, शाळा, ग्रामपंचायत, देवळाला दिलेली सतरंजी, त्यावर अमक्याकडून भेट असं विणलेलं सगळ्यांनी बघितलंय. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर आपल्या आजूबाजूला, तिथल्या मठांना, भक्तनिवासांना, योगाच्या क्लासना छोटे लॉट लागतात आणि मोठा कारखाना २५ पीसची ऑर्डर घेत नाही. अडचण अशी की पंचकार्डच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणाऱ्या, जेकार्डवर दर पिकला एक कार्ड, नवीन डिझाईन म्हणजे कार्डांचा अख्खा संच नवीन पाडायचा, खर्च २५ पीसवर पडला की संपलं. म्हणून मधली नक्षी कायम ठेवा, फक्त काठाजवळ नावाचा पट्टा बदला, तेवढीच कार्ड नवीन. इलेक्ट्रॉनिक जेकार्ड असेल तर फाईल बदलली की झालं. आणि हो, डबल कापडात मागच्या बाजूला अक्षरं उलटी दिसतात, आरशात दिसतात तशी, हे ऑर्डर घेतानाच सांगा, नाहीतर डिलिव्हरीला वाद होतो.

डिझाईन पण इथलंच काढा की. सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या जत्रेला, नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या निघतात, त्यांची सरळ उभी रेघ आणि वरची सजावट रनरवर (लांब अरुंद रगवर) किती छान बसेल, देवाची आकृती मात्र पायाखाली नको, नुसती रेघ आणि रंग घ्या.

फिनिशिंगवर कंजुषी करू नका. दशा (कडेचे सुटे धागे) घट्ट वळलेल्या, गाठी एका ओळीत, एवढ्यानं पीस वेगळा दिसतो. दशा वळणाऱ्या बायकांना पीसमागं दोन रुपये जास्त द्या, काम आपोआप सुधारतं, आणि ते त्यांच्या हक्काचे आहेत.

लेबलबद्दल एक महत्त्वाचं. जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं सरकारी भौगोलिक मानांकन, मिळालेला आहे तो सोलापूर चादरीला आणि सोलापूर टेरी टॉवेलला, रगला नाही. रगवर जीआय छापू नका, चादरीसाठी सुद्धा स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. बाहेर कुठंतरी विणलेल्या चादरीवर सोलापुरी छापून विकलेली बघून आपला जीव जळतो ना, मग आपण तसलं काही करायचं नाही. सोलापुरात विणलेलं, १०० टक्के कॉटन, अमुक जीएसएम, असं धुवा, एवढं खरंखरं मराठीत आणि इंग्रजीत लिहा. जीएसएम लिहिला की तुलना पण सोपी होते, ४ बाय ६ मध्ये ९०० आणि १२०० जीएसएमचा फरक जवळजवळ ६७० ग्रॅम सुताचा, समजा सूत किलोला १८० रुपये तर नुसत्या सुतातच १२० रुपये. व्यापारी दहा रुपयांवर अडला की त्याच्यासमोर काटा ठेवा, दोन्ही पीस तोला.

हे सगळं एकदम करायला जाऊ नका. एक माग वेगळा काढा, दोन रंगजोड्या, एकच साईज, पन्नास पीस. त्यातले दहा ओळखीच्या घरात वापरायला द्या, पावसाळाभर वापरू द्या, मग जाऊन बघा कुठं विरला, कुठं रंग उतरला, कुणी उलटा करून टाकला आणि कुणी नाही. बाकीचे माग व्यापाऱ्याच्या नेहमीच्या मालावर चालू राहू द्यात, पगार तिथूनच निघतो.