तक्रार ‘निकाली’, दिवा मात्र बंदच: माझा अनुभव

कोल्हापुरात आमच्या पेठेत, तालमीमागच्या बोळातला दिवा बंद होता. महापालिकेकडे तक्रार केली की चार दिवसांत ‘निकाली’ असा मेसेज, अंधार तसाच. तीनदा ऑनलाइन, दोनदा फोन, एकदा एका पुढाऱ्याचं ‘बघतो की’. डोकं फिरायची वेळ आली होती.

चूक खांबाजवळ गेल्यावर कळली. मी पत्ता ‘तालमीमागे’ असा देत होतो, आणि तिथं खांब तीन! मोबाईलच्या उजेडात रंग उडालेला नंबर वाचला, फोटो काढला. मग एका पानाचा अर्ज: खांब क्रमांक, आधीच्या तिन्ही तक्रारींचे क्रमांक, खाली कट्ट्यावर मिळवलेल्या २७ सह्या. (नुसतं ‘समस्त नागरिक’ लिहू नका.) दोन प्रती नेल्या, एक दिली, दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख घेतली. शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

पंधरा दिवस काही हललं नाही. मग माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. ‘दिवा का लावत नाही?’ असं विचारायचं नाही, कागद मागायचे: या आवक क्रमांकावर झालेल्या कार्यवाहीची प्रत, आणि तक्रारी निकाली काढल्याचे शेरे. विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

अपिलाची वेळ आली नाही. नवव्या दिवशी शिडीची गाडी आली. वायरमननं खांबाच्या बुडाची पेटी उघडली, तर आत जळकी वायर आणि पालीची अंडी.