मुलांच्या हॉकी टीमसाठी कोच निवडताय? या चुका टाळा

नवी मुंबईतल्या आमच्या मुलांच्या हॉकी असोसिएशनच्या निवड समितीवर मी चार वर्षं आहे. पहिल्याच वर्षी आम्ही १४ वर्षांखालच्या टीमचा कोच अर्ध्या तासाच्या मुलाखतीत निवडला. माणूस राज्याकडून खेळलेला, बोलणं भारदस्त, मोबाइलमध्ये मेडलचे फोटो. जूनमध्ये मैदानावर २२ मुलं होती, दिवाळीनंतर ९ उरली. सोडून गेलेल्या एका मुलाच्या आईने मला स्टेशनवर गाठलं. म्हणाली, "ताई, दोन महिने तो नुसता रांगेत उभा होता हो." ते मला अजून टोचतं. चूक त्या कोचपेक्षा आमची जास्त होती, कारण मुलांसोबतचा त्याचा एक तासही आम्ही पाहिला नव्हता.

खेळाडू पाहिला, कोच पाहिलाच नाही

उत्तम खेळाडू म्हणजे उत्तम कोच, हे समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसलंय. पण मुंबईच्या मैदानांवर पोरांच्या पिढ्या घडवणारे मर्झबान पटेल, सगळ्यांचे 'बावा', यांना २०१९ मध्ये जीवनगौरव गटात द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. ते स्वतः भारताकडून कधी खेळले नव्हते.

म्हणून आता आमच्याकडे मुलाखतीआधी मैदानावरचा तास असतो. गेल्या खेपेचा सांगते. नेरुळ, रविवार, सकाळचे साडेसहा. पहिल्या उमेदवाराने ड्रॅग फ्लिक (पेनल्टी कॉर्नरला बॉल स्टिकने ओढत गोलकडे भिरकावणं) करून दाखवली, मुलं खूश झाली. मग त्याने १६ मुलांची एकच रांग लावली. मी घड्याळ लावून एका मुलावर नजर ठेवली. दहा मिनिटांत त्याच्या स्टिकला बॉल लागला तीन वेळा.

दुसरी उमेदवार ऐरोलीची क्रीडाशिक्षिका. तिने कोन मांडून मैदानाचे चार तुकडे केले आणि दोन विरुद्ध दोन खेळायला लावलं. त्याच मुलाचे स्पर्श मोजता मोजता माझी दमछाक झाली, चाळीसपर्यंत मोजून सोडून दिलं. मधेच तिने एका लहानखुऱ्या मुलीला थांबवलं, तिची स्टिक जमिनीवर उभी धरून कमरेच्या हाडाशी लावून पाहिली. स्टिक थोरल्या भावाची, चांगली चार बोटं वर येत होती. "म्हणून तुला खाली बसता येत नाहीये गं," असं म्हणत तिने स्वतःच्या पिशवीतली आखूड स्टिक काढून दिली. आमच्या चौघांपैकी तिघांना हे दिसलंच नाही, कारण ते बाजूला उभे राहून पहिल्या उमेदवाराशी गप्पा मारत होते.

तेव्हापासून आम्ही कामं वाटून घेतो. एकाने बॉलचे स्पर्श मोजायचे. एकाने फक्त गोलकीपरकडे बघायचं, त्याला कोणी काही शिकवतंय की पॅड बांधून तो तासभर उभाच आहे. एकाने कोच चिडल्यावर काय बोलतो ते ऐकायचं. तास संपल्यावर मुलांनाही विचारा, आज काय शिकलात? मुलं खरं सांगतात.

सर्टिफिकेट न बघणं, किंवा फक्त तेच बघणं

पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. हॉकी इंडिया या राष्ट्रीय संघटनेचे बेसिक आणि पुढच्या लेव्हलचे कोर्स आणखी वेगळे. 'एनआयएस केलंय' एवढ्यावर मान डोलावू नका, कागद बघा. पण कागद बघून थांबूही नका.

एक प्रश्न विचारायचा राहून जातो

"सामन्याला १६ मुलं नेलीत. बाकावरच्या पाच जणांचं काय कराल?" हॉकीत बदली खेळाडूंवर मर्यादा नाही. बाहेर आलेला खेळाडू पुन्हा आत जाऊ शकतो, कितीही वेळा. त्यामुळे १४ वर्षांखालच्या टीममध्ये एखादं पोर अख्खा सामना बाकावर बसत असेल, तर तो कोचने घेतलेला निर्णय असतो. उमेदवार याचं उत्तर देताना अडखळला तर जरूर लिहून ठेवा. १७ वर्षांखालच्या गटात उत्तर थोडं वेगळं असू शकतं, तिथे जिंकण्याचं वजन वाढतं. म्हणूनच दोन्ही गटांना एकच फूटपट्टी लावू नका.

ज्याचं मूल, त्याचंच मत

यावरून आमच्याकडे मैत्र्या तुटल्या आहेत. ज्याचं मूल त्या वयोगटात आहे, त्याने त्या कोचसाठी मत द्यायचं नाही. सरळ नियम करा आणि अर्ज मागवण्याआधी करा. पालकच कोच होणार असेल तर हरकत नाही, पण त्याच्या मुलाची ट्रायल दुसऱ्यांनी घ्यावी.

याहून चिवट प्रकार म्हणजे खाजगी क्लास. 'माझ्या बॅचला या, मग टीमचं बघू' असं कोणी उघड म्हणत नाही, पण पालकांना ते बरोबर कळतं. ज्या मुलांना टीममध्ये निवडायचंय, त्यांच्याकडून त्या वर्षी क्लासची फी घेणार नाही, हे कोचकडून लेखी घ्या. आमच्याकडे एका चांगल्या उमेदवाराने याच कारणावरून माघार घेतली. आम्ही जाऊ दिलं.

'ओळखीतला आहे' म्हणून पडताळणी टाळणं

इथे कसलीही सवलत नको. पोलिसांची चारित्र्य पडताळणी हवीच, आधीच्या दोन ठिकाणी स्वतः फोन करणंही हवं. फोनवर एवढंच विचारा, "तुमच्या मुलांसाठी यांना परत घ्याल का?" उत्तराआधीची शांतता खूप काही सांगते. मुलींच्या टीमसोबत सरावाला आणि प्रवासात बाई असायलाच हवी. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हा गुन्हा आहे. हे कोचला नेमणुकीच्याच दिवशी सांगा आणि समितीनेही लक्षात ठेवावं.

जूनमध्ये जागं होणं

पाऊस सुरू झाला की आपल्याकडची मैदानं चिखलात जातात आणि शालेय स्पर्धा तोंडावर येतात. घाईत जो मोकळा असेल तो गळ्यात पडतो. एप्रिलमध्ये अर्ज, मे महिन्यात मैदानावरचा तास, आणि टीमच्या ट्रायल त्यानंतर. नेमणुकीच्या पत्रात मानधन, प्रवासखर्च आणि आठवड्याचे दिवस स्पष्ट लिहा.

चूक होऊन गेली असेल तर

सीझन संपायची वाट बघू नका. गळती लागली की सहा आठवड्यांत कळतं, हजेरीची वही काढा. कोचला समोर बसवून दोनच गोष्टी ठरवा, उदाहरणार्थ रांगा बंद आणि प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात खेळवणं. महिनाभराने पुन्हा मैदानावर जाऊन बघा. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय काढू नका, तिथे माणूस कायमचा दुखावतो.

आणि ज्यांना घेतलं नाही, त्यांना त्याच आठवड्यात फोन करून कारण सांगा. नेरुळला ड्रॅग फ्लिक दाखवणाऱ्याला मी स्वतः फोन केला होता. थोडा गप्प झाला, मग म्हणाला, "मॅडम, लहान मुलांचं मला जमत नाही, खरंय." आता तो दर बुधवारी १७ वर्षांखालच्या मुलांकडून पेनल्टी कॉर्नरचा सराव करून घेतो.