स्लो कुकरमधला बीफ स्टू: मांस आधी परतून घ्याच

स्टूसाठी बीफ घेताना खांद्याकडचं मांस घ्या, थोडी चरबी आणि शिरा असलेलं, कारण त्यातलं कोलॅजन मंद आचेवर हळूहळू विरघळून जिलेटिन होतं आणि त्यानेच रस्सा दाट लागतो, एकदम लुसलुशीत महागडं मांस इथे वायाच जातं, कोरडं पडतं.

तुकडे दीड इंचाचे करा, टिपून कोरडे करा आणि कडक तापलेल्या तव्यात थोडे थोडे टाकून सगळीकडून छान तपकिरी होऊ द्या. ही स्टेप बरेच जण कंटाळा करून सोडतात पण प्लीज सोडू नका, खरी चव इथेच येते, स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) मांसाला असा रंग येतच नाही. मग त्याच तव्यात कांदा परता, थोडा स्टॉक (मांस-हाडं उकळून गाळलेलं पाणी) घालून तळाला चिकटलेलं सगळं खरवडून स्लो कुकरमध्ये ओता.

बटाटे, गाजर तळाशी, मांस वर. मूळभाज्या शिजायला मांसाइतकाच वेळ घेतात म्हणून. पाणी मात्र बेताने, वाफ बाहेर जात नाही त्यामुळे रस्सा आटत नाही. कुकरच्या लो सेटिंगवर ८ तास, घाई असेल तर हाय वर ४-५, पण लो वरचाच जास्त मऊ होतो असं माझं ठाम मत. मधे झाकण उघडू नका हं, दरवेळी शिजायला २०-३० मिनिटं वाढतात. मटार शेवटच्या अर्ध्या तासात घाला. रस्सा पातळ वाटला तर गार पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर पण तेव्हाच.