जुना लॅपटॉप टाकून देण्याआधी

लॅपटॉप हळू चालायला लागला की लोक नवा बघायला निघतात. थोडं थांबा. प्रोसेसर वय झालं म्हणून मंदावत नाही. आठ-दहा वर्षांपूर्वीचा कोअर आय-५ घेतला तेव्हा जेवढी आकडेमोड करायचा तेवढी आजही करतो. बदललेलं असतं ते भोवतीचं सगळं. फिरती हार्ड डिस्क थकलेली असते, पंख्यात धूळ बसलेली असते, एकेक वेबपान पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मेमरी मागत असतं आणि ऑपरेटिंग सिस्टीमला अपडेट येणं बंद झालेलं असतं. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे २०१७च्या आधीची बहुतेक यंत्रं अधिकृतपणे बाद ठरली, आणि त्यांतल्या कितीतरींना काहीही झालेलं नाही. मला याचा खरोखर राग येतो. माझं काम सर्व्हर सांभाळण्याचं. ओळखीतले लोक लॅपटॉप घेऊन येतात तेव्हा मी ज्या क्रमाने जातो तो क्रम खाली देतोय: दुखणं शोधायचं, डेटा वाचवायचा, डागडुजी करायची आणि विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची.

आधी दुखणं शोधा

विंडोज चालू करा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. काही न करता पाच मिनिटं नुसतं बघत बसा. डिस्कचा रकाना सतत शंभर टक्क्यांच्या आसपास असेल तर दुखणं डिस्कचं. मेमरी नव्वदच्या वर अडकून असेल तर रॅम कमी पडतेय. दोन्ही ठीक आणि तरीही यंत्र रखडतंय, वर पंखा ओरडतोय, तर ते तापतंय. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, ती यात दिसते. त्यातल्या दोन ओळी महत्त्वाच्या: रीअलोकेटेड सेक्टर्स आणि करंट पेंडिंग सेक्टर. तिथे शून्याऐवजी आकडे दिसले, आणि ते वाढत चालले असतील, तर बाकी सगळं सोडून आधी डेटा बाहेर काढा.

त्याच बैठकीत एक प्रश्न स्वतःला विचारा: या यंत्रावर असं कुठलं सॉफ्टवेअर आहे का जे फक्त विंडोजवरच चालतं? हिशेबाचं एखादं पॅकेज, डिजिटल सहीचं टोकन, अडोबीची साधनं, ऑफिसने बसवून दिलेलं काहीतरी. उत्तर हो असेल तर लिनक्सकडे जाण्याआधी त्याची सोय बघा. बरेच उत्साही लोक हा प्रश्न विचारतच नाहीत, आणि मग ज्याचं काम अडलं तो माणूस लिनक्सला कायमचा शिव्या घालतो.

डेटा

डेटाच्या दोन प्रती हव्यात, त्यातली एक यंत्राबाहेरच्या डिस्कवर आणि जमल्यास दुसरी वेगळ्या जागी. कॉपी संपल्याचा संदेश आला म्हणजे काम झालं असं मी धरत नाही. ती डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडायची आणि दहा-बारा फाइली प्रत्यक्ष उघडून बघायच्या: एक फोटो, एक व्हिडिओ, एक जुनं पत्र. त्यानंतर डिस्क काढून बाजूला ठेवायची. इन्स्टॉल करताना ती जोडलेली राहिली तर चुकीच्या डिस्कवर फॉरमॅटचं बटण दाबलं जाऊ शकतं.

लोक विसरतात त्या गोष्टी: ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड, डेस्कटॉपवर पसरलेल्या फाइली, डाउनलोडचं फोल्डर. जुनी मराठी कागदपत्रं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर त्या फॉन्टच्या फाइलीही उचला, नाहीतर नव्या यंत्रावर नुसती चिन्हं दिसतील. आणि विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का ते तपासा. चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. ती नसेल तर पुढे जाऊ नका.

एसएसडी, आणि बाकीची डागडुजी

एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल तर एसएसडीवर, म्हणजे चिपांवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कवर करा. यावर माझं मत पक्कं आहे, कारण फरक कुठून येतो हे मोजता येतं. लॅपटॉपमधली फिरती डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबायचं, शिवाय ते टोक योग्य जागी सरकायला वेळ. अशा हिशेबाने सेकंदाला विखुरलेली वाचनं शंभराच्या आतच होतात. यंत्र सुरू होताना मात्र हजारो छोट्या फाइली वाचायच्या असतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही; तिला एका वाचनाला मिलिसेकंदाचा एखादा दहावा भाग पुरतो. म्हणून नवा प्रोसेसर न घालताही यंत्र एकदम हलकं वाटायला लागतं.

घेताना वेगाच्या आकड्यांच्या मागे लागू नका. जुन्या लॅपटॉपमध्ये डिस्क ज्याला लावतात तो साटा जोड सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या पुढे जातच नाही, त्यामुळे त्याहून वेगवान डिस्कचा उपयोग नाही. अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची, माहितीतल्या कंपनीची, काही वर्षांची वॉरंटी असलेली साधी एसएसडी घ्या. २५६ जीबी भरपूर होते. एम.२ आकाराची (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची) जागा असेल तर ती साटाची आहे की एनव्हीएमई या वेगवान जोडाची हे यंत्राच्या पुस्तिकेत बघूनच खरेदी करा; दिसायला दोन्ही सारख्याच.

उघडताना चार्जर काढा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढा, नसेल तर झाकण उघडल्यावर आधी तिची पिन सोडवा. एका कागदावर लॅपटॉपच्या तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात घातला तर आतल्या पट्टीला भोक पडू शकतं. काढलेली जुनी डिस्क पुसू नका. तशीच काही महिने ठेवून द्या. तुमची तिसरी प्रत तीच.

रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. ती डीडीआर३ पिढीची आहे की डीडीआर४ हे तपासा, आणि डीडीआर३ असेल तर १.३५ व्होल्टची कांडी लागते का हेही बघा. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, तिथे काही करता येत नाही. पंख्यातली धूळ उडवताना पाती बोटाने धरून ठेवा. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा तळ फुगलेला वाटला तर बॅटरी फुगली आहे. यंत्र लगेच बंद करा, चार्जर लावू नका, ती बॅटरी दाबू-टोचू नका. हे काम जाणकाराकडे द्या.

कुठलं लिनक्स?

हा प्रश्न चार संगणकवेड्यांच्या मध्ये टाकला की संध्याकाळ गेली. मला ही मंडळी मनापासून आवडतात. व्हीआय आणि ईमॅक्स हे दोन्ही एडिटर १९७६चे, आणि त्यांच्यात श्रेष्ठ कोण यावर लोक अजून तितक्याच पोटतिडकीने भांडतात. एखाद्या अवजारावर एवढा जीव लावणारी माणसं दुसऱ्या कुठल्या धंद्यात मी पाहिली नाहीत. पण त्यांचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत; त्यांतलं आर्च वापरणाऱ्याला यंत्र घडवण्यात आनंद मिळतो. संध्याकाळभर बसून पडद्यामागे चालणारा एखादा प्रोग्राम सुरू करणं ही त्याची करमणूक असते. तुम्हाला पत्र लिहायचं आहे, मुलीच्या अभ्यासाचा व्हिडिओ लावायचा आहे. तुमचा निकष वेगळा: रात्री काही अडलं तर त्याचं उत्तर आधीच कुणी लिहून ठेवलेलं आहे का?

या निकषावर मी लिनक्स मिंट देतो, त्यातही एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती. मिंट २००६पासून चालू आहे आणि उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या पायावर उभं आहे, त्यामुळे उबुंटूसाठी लिहिलेली बहुतेक उत्तरं इथेही चालतात. मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. खालचा टास्कबार, डावीकडचा मेनू हे सगळं ओळखीचं वाटतं. रॅम २ जीबीच असेल आणि वाढत नसेल तर एलएक्सक्यूटी हा डेस्कटॉप असलेलं काहीतरी बघा. अगदी जुना, ३२-बिट प्रोसेसर असेल तर ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सने त्यासाठीचा इन्स्टॉलर देणं थांबवलंय. अशा यंत्रावर मी आता इंटरनेटचं काम टाकत नाही.

‘सर्वांत हलकं लिनक्स’ शोधत मात्र आठवडे घालवू नका. दोन डेस्कटॉपमधला फरक काहीशे एमबीचा असतो, तेवढी मेमरी ब्राउझरची दोन-तीन जड पानं सहज खातात.

पेनड्राइव्हपासून इन्स्टॉलपर्यंत

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉल करायची अख्खी सिस्टीम, साधारण ३ जीबीची असते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. फाइल फक्त मिंटच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या आणि तिची एसएचए-२५६ बेरीज तपासा; ही फाइलीवरून काढलेली अक्षर-आकड्यांची लांब ओळख असते, आणि फाइल जराशी बदलली तरी ती बदलते. हा भाग लोक कंटाळून सोडतात. पण फेब्रुवारी २०१६मध्ये मिंटचंच संकेतस्थळ फोडून डाउनलोडचा दुवा बदलला गेला होता आणि काही लोकांनी चोरवाट असलेली फाइल उतरवली होती. रूफस या पेनड्राइव्ह तयार करायच्या विंडोजवरच्या साधनात फाइल निवडायच्या बटणाशेजारी बरोबरच्या खुणेचं छोटं बटण आहे, ते दाबलं की बेरीज दिसते. संकेतस्थळावरच्या बेरजेशी ती अक्षरन् अक्षर जुळली पाहिजे; मिंटने दिलेली डिजिटल सहीही तपासता आली तर आणखी चांगलं. मग रूफसनेच पेनड्राइव्ह तयार करा.

पेनड्राइव्ह लावून यंत्र बंद करा आणि सुरू करताना डेल आणि लेनोवोवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९ दाबत राहा. यंत्र कशावरून सुरू करायचं याची यादी येईल, त्यात पेनड्राइव्ह निवडा. एसरवर एफ१२ची यादी बऱ्याचदा आधी बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, चालू करावी लागते. सिक्युअर बूट ही अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारी सोय बंद करायची घाई नको, मिंट त्याच्यासह चालतं.

आता मिंट पेनड्राइव्हवरूनच उघडेल, डिस्कला हात न लावता. तासभर वापरून बघा. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं, आणि मुख्य म्हणजे झाकण मिटून उघडल्यावर यंत्र नीट जागं होतं का. वेगावरून मत बनवू नका, पेनड्राइव्ह हळूच असतो. वाय-फाय दिसलं नाही तर बहुधा आत ब्रॉडकॉमची चिप आहे. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट मिळेल, मग इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर हवा तो ड्रायव्हर उतरवून घेईल.

सगळं जमलं तर इन्स्टॉल करा. नवी एसएसडी असेल तर पूर्ण डिस्क मिंटला द्या. विंडोज जुन्या डिस्कवर सुरक्षित आहेच. दोन्ही एकाच डिस्कवर ठेवायचा हट्ट असेल तर आधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजचा भाग अर्धवट झोपलेला राहतो आणि लिनक्स त्यावर लिहू शकत नाही. लॅपटॉप घराबाहेर जाणार असेल तर डिस्क एन्क्रिप्शनची खूण करा, म्हणजे पासवर्डशिवाय डेटा वाचता येणार नाही.

पहिल्या दिवशी

अपडेट मॅनेजर चालवा. टाइमशिफ्ट चालू करा, म्हणजे एखादं अपडेट बिघडलं तर सिस्टीम आदल्या स्थितीला नेता येते. तुमच्या कागदपत्रांची प्रत मात्र ते ठेवत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाका. जाहिराती थांबल्या की जुन्या यंत्राला किती उसंत मिळते ते लगेच जाणवतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. इनस्क्रिप्ट मांडणी येत असेल तर ती, नाहीतर उच्चाराप्रमाणे टाइप करायची कगप फोनेटिक. लिबरऑफिसमधून बाहेर पाठवायची कागदपत्रं पीडीएफ करून पाठवा, म्हणजे मांडणी हलत नाही.

टर्मिनलला, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीला, घाबरू नका, पण सुडोने (पूर्ण अधिकार देणाऱ्या शब्दाने) सुरू होणारी आज्ञा कुठूनही उचलून चिकटवू नका. तिचा प्रत्येक शब्द काय करतो हे समजल्याशिवाय एंटर दाबायचं नाही. अडलात तर मिंटच्या फोरमवर विचारा, आणि विचारताना ‘चालत नाही’ एवढंच लिहू नका. लॅपटॉपचं मॉडेल, मिंटची आवृत्ती, नेमकं काय केलं आणि पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा द्या. मिंटच्या सिस्टीम रिपोर्ट्समध्ये (नव्या आवृत्तीत सिस्टीम इन्फर्मेशन) यंत्राची सगळी माहिती एका बटणाने कॉपी होते, तीही सोबत जोडा. आणि काम झालं की नेमकं कशाने झालं ते तिथेच लिहा. त्याच मॉडेलचा लॅपटॉप घेऊन बसलेला पुढचा माणूस तेच शोधत येणार आहे.