गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढू नका: जुन्या गाडीच्या कूलिंग आणि हीटरबाबत या चुका टाळा

जुन्या गाडीचे इंजिन तापू लागले की मराठवाड्यात पहिला संशय उन्हावर घेतला जातो. मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा 42-43 अंशांवर जातो हे खरे. परंतु इंजिनातील पाणी साधारण 90 अंशांच्या आसपास राखण्यासाठीच कूलिंगची यंत्रणा बनवलेली असते आणि ती शाबूत असेल, तर केवळ बाहेरच्या उन्हाने तापमानाचा काटा लाल पट्टीत जात नाही. आधीपासून दबून असलेला दोष ऊन फक्त उघडा पाडते. तो कोठे आहे हे न पाहता आज वॉटर पंप, उद्या रेडिएटर (गरम पाणी थंड करणारी जाळी) असे सुटे भाग बदलत जाणे ही सर्वांत महागडी चूक होय आणि ती टाळण्याचे साधन बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डमागेच असते, ते म्हणजे केबिनचा हीटर.

आपल्याकडे हीटर बिनकामाचा समजला जातो. गळू लागला की त्याचे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून तो कायमचा बाद केला जातो आणि परभणीत एखाद्या हिवाळ्यात पहाटेचा पारा पाच अंशांखाली उतरला, की मगच त्याची आठवण होते. वास्तविक रेडिएटरमध्ये जाणारे आणि हीटरमध्ये फिरणारे पाणी एकच असते. त्यामुळे काटा वर चढलेला असताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून ब्लोअर लावला आणि तरीही थंड हवा आली, तर पाणी कमी झाले आहे, आत हवा अडकली आहे किंवा पंप पाणी ढकलत नाही, असे समजावे. हवा कढत येत असेल, तर पाणी इंजिनात फिरते आहे, पण त्यातील उष्णता बाहेर टाकली जात नाही; अशा वेळी थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर त्याची रेडिएटरकडे जाणारी वाट उघडणारी झडप), रेडिएटर आणि फॅन यांकडे वळावे. इंजिन तापलेले असूनही रेडिएटरचा वरचा होज पाइप कोमटच लागत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता मोठी. (हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करावे आणि फॅनपासून बोटे दूर ठेवावीत, काही गाड्यांत तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो.) गाडी केवळ बाजारातल्या गर्दीत तापत असेल, तर फॅनचा फ्यूज, रिले आणि स्विच तपासावेत. मांजरसुंबा किंवा कन्नडच्या घाटात, भरल्या गाडीत तापत असेल, तर रेडिएटर आतून चोंदला आहे का, की त्याच्या जाळीत माती व किडे साचले आहेत, हे पाहावे.

एक फसवी खूण येथे सांगणे आवश्यक आहे. वर चढलेला काटा एकाएकी खाली आला, की चालक सुटकेचा निःश्वास टाकतो. प्रत्यक्षात अनेकदा सेन्सरपाशी पाणीच उरलेले नसते आणि तो वाफेचे किंवा हवेचे तापमान दाखवत असतो. त्याच क्षणी हीटरची हवा थंड झाली, तर गाडी तेथेच थांबवावी.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला अनेक गॅरेजांत आजही बिनदिक्कत दिला जातो. तो काढल्याने इंजिन योग्य तापमानाला पोहोचण्यास वेळ लागतो, इंधन अधिक जळते, हीटर कोमट राहतो आणि काही इंजिनांत तर बायपासचा मार्ग कायम उघडा राहिल्याने पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जाते, म्हणजे रोग बळावतो. संशय असल्यास तो भाग काढून पाण्याच्या भांड्यात गरम करावा. साधारण 82 ते 88 अंशांच्या दरम्यान तो उघडू लागला पाहिजे. नेमका आकडा बहुधा त्याच्यावरच कोरलेला असतो.

पाण्याबाबतची बेफिकिरी मात्र आपल्या भागात सर्वाधिक नडते. बोअरच्या जड पाण्याने घरातल्या गीझरवर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत चढतो. कुलंटमध्ये (इंजिन थंड राखण्यासाठी पाण्यात मिसळायच्या रंगीत द्रवात) डिस्टिल्ड पाणीच मिसळावे, निम्मे-निम्मे प्रमाण बहुतेक गाड्यांना चालते आणि वेगवेगळ्या जातीचे कुलंट एकमेकांत मिसळू नयेत. गळती बुजवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना तोडगा गाव गाठण्यापुरता ठीक आहे. परंतु ती पुढे हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. वसमतची हळद स्वयंपाकघरातच शोभते. हीटरचा एक पाइप कढत आणि दुसरा जवळपास थंड लागला, तर हीटर चोंदला आहे किंवा त्याचा व्हॉल्व्ह उघडत नाही.

रेडिएटरचे झाकण स्वस्त असते, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. ते आतील दाब टिकवते आणि त्या दाबामुळे पाणी 100 अंशांना उकळत नाही. त्याचे रबर कडक झाले की गाडी पाणी फेकू लागते. इंजिन थंड झाल्यावर वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला, तर झाकणातील पाणी परत ओढणारी झडप अडकली आहे. तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नये आणि गरम इंजिनावर थंड पाणी ओतू नये, कारण त्याने इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. पाणी भरताना गाडीचे तोंड चढाकडे ठेवावे, हीटर गरमवर ठेवावा आणि हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरावे. बुडबुडे थांबतच नसतील किंवा थंड इंजिन सुरू करताच होज पाइप दगडासारखा कडक होत असेल, तर हेड गॅसकेट (हेड आणि खालचे इंजिन यांमधील सील) गेले असण्याचा संशय घ्यावा; ऑईल दुधाळ दिसले, तर गाडी पुढे चालवू नये.

पुढच्या सीटखालचे कार्पेट ओले झाले की एसीचे पाणी म्हणून ते पुसून टाकले जाते. एसीचे पाणी स्वच्छ आणि बिनवासाचे असते. बोटांना चिकट लागणारे, गोडसर वासाचे, रंगीत पाणी आणि काचेवर आतून पुसूनही न निघणारा तेलकट धूसरपणा असेल, तर हीटर गळतो आहे आणि तेवढेच कुलंट इंजिनातून कमी होते आहे.